भांडे विकले, कल्हईचे काय?

'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार मराठी माणूस दिवसातून एकदा तरी वापरतो. पण तो मुळात कोणत्या अनुभवातून आला, याचा विचार आता फारसा कोणी करीत नाही. पितळेच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई असे. ती झिजली की खालचे पिवळे पितळ डोकावू लागे, आणि घरातील वडीलधारी स्त्री ते भांडे चुलीपासून दूर ठेवी. तिने रसायनशास्त्र वाचलेले नव्हते. परंतु उघड्या पितळेत ताक ठेवले तर ते कळकते, हे तिला ठाऊक होते. 'कळकणे' या एका क्रियापदात आमच्या स्वयंपाकघराने कित्येक पिढ्यांचा अनुभव साठवून ठेवला होता. आज हे क्रियापद तरुण वाचकाला समजावून सांगावे लागते. आमच्या आजच्या लेखाचे कारण हेच आहे.

गेल्या वर्षी एक तरुण कारखानदार आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. त्याचे नाव किंवा त्याच्या कारखान्याचे नाव सांगणे व्यवसायधर्मास धरून होणार नाही, आणि त्याचे येथे कारणही नाही. त्याने तांब्यापितळेच्या भांड्यांची एक नवी मालिका तयार केली होती : दोन कढया, तीन आकारांची झाकणासह पातेली, एक डेगची, आणि केक, पाव, भाजलेल्या भाज्या यांसाठी उथळ तबके. घाट खरोखर सुरेख होता. बाहेरून मठाराचे ठोके, कडा जाड वळवलेल्या, कान पितळेचे ओतीव. त्याला या घाटाची नोंदणी करून हवी होती, म्हणजे दुसऱ्या कोणी तो उचलू नये. जाहिरातीचे पत्रक त्याने सोबत आणले होते. त्यात पूर्वज होते, परंपरा होती, आरोग्य होते, देवघराचे चित्रही होते. कल्हई हा शब्द मात्र कोठेही नव्हता.

आम्ही विचारले, "आतून कल्हई केली आहे ना?"

"केली आहे, वकीलसाहेब. कारखान्यातून निघताना प्रत्येक भांड्याला असते."

"आणि ती झिजल्यावर?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ते आता ज्याने घेतले त्याने पाहायचे."

हा मुलगा लबाड नव्हता. त्याने पत्र्याची जाडी निवडली होती, कानाची पकड तपासली होती, खोक्याचा रंगदेखील तीनदा बदलला होता. पण भांडे विकले गेल्यावर वर्षभराने त्याचे काय होईल, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न ज्याने सोडवला नाही त्याने भांड्याची रचना केलेलीच नाही; त्याने भांड्याचे चित्र काढले आहे. तांब्यापितळेच्या भांड्याची रचना त्याच्या कल्हईसकट पूर्ण होते. जो कल्हईची सोय लावीत नाही त्याने ते भांडे स्वयंपाकाचे म्हणून विकू नये.

हे विधान अतिरेकी वाटेल, म्हणून ते थोडे उलगडून सांगणे भाग आहे.

तांबे हा उष्णता वाहून नेण्यात सर्व सामान्य धातूंत श्रेष्ठ. उष्णतावहनाच्या शास्त्रीय मापात तांब्याला सुमारे ४०० गुण, तर स्टेनलेस स्टीलला अवघे १५. म्हणून मोठ्या तांब्याच्या पातेल्यात खीर सर्वत्र सारखी आटते. त्याच आकाराच्या पातळ स्टीलच्या पातेल्यात जाळाच्या वर जेवढा तळ येतो तेवढाच करपतो. पण तांब्याला आंबटाचे वैर. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांच्या संगतीत तांबे विरघळून अन्नात उतरते. भांडे ओले राहिले तर त्यावर हिरवा जंगाल चढतो. असे अन्न पोटात गेले की मळमळ, उलटी, पोटशूळ. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. भारतीय मानकाची कमाल मर्यादा त्याहूनही कडक, दीड मिलिग्रॅम. शरीराला तांबे लागते, पण अगदी थोडे. जे औषध म्हणून चिमटीने घ्यावयाचे ते कोणी आमटीतून पळीने घेत नाही.

तांब्याचा गुण ठेवून दोष आवरण्याची जी युक्ती आमच्या लोकांनी काढली ती कल्हई. भांडे प्रथम राखेने, वाळूने आणि आंबटाने घासून लख्ख करायचे. मग भट्टीवर, भात्याच्या वाऱ्याने तापवायचे. नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा उरलासुरला मळ सुटतो. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवली की ती वितळते. कापसाच्या बोळ्याने ती भरभर सर्वांगी फिरवायची आणि भांडे पाण्यात बुडवायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. या दोन आकड्यांमधील अंतरावर कल्हईवाल्याची सारी विद्या उभी आहे. तो अंगणात बसला की मुलांचा घोळका जमे. पुष्कळ गावी हा कल्हईवाला मुसलमान असे, आणि त्याने उजळलेल्या भांड्यात गावच्या जेवणावळी शिजत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे; कारण त्याच्यावाचून चालत नसे.

आता लक्षात घ्या : ही कल्हई झिजण्यासाठीच असते. पळी घासते, राख घासते, आंबट खाते. रोजच्या वापरातील भांडे वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, कल्हईला द्यावे लागे. म्हणजे जुन्या काळी 'भांडे' या शब्दात तांबट, कासार, कल्हईवाला आणि उघडे पितळ ओळखणारी गृहिणी, अशा चौघांचा समावेश होता. या चौघांपैकी तिघांना गाळून जो केवळ तांबटाचा घाट उचलतो आणि त्याला परंपरा म्हणतो, तो परंपरेचा चतुर्थांश विकून पूर्ण किंमत घेतो.

कोणी म्हणेल, तुम्हाला नवे काहीच नको आहे. तसे मुळीच नाही. या देशात भांड्यांच्या नव्या मालिका पूर्वीही निघाल्या आहेत, आणि त्यांतील काही विचारपूर्वक काढलेल्या होत्या. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत निघाली. १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने मद्रासच्या सरकारी कलाशाळेत त्या नव्या धातूची भांडी घडवण्याचे काम सुरू केले. देशी कारागिराच्या हातालाच नवा धातू देऊन पाहावा, हा त्यामागील हेतू. पुढे त्यातून मोठा धंदा उभा राहिला. अ‍ॅल्युमिनियमलाही आंबटाचे वावडे आहेच, त्यामुळे त्या भांड्यांचे सगळेच आम्ही वाखाणीत नाही. पण नवी वस्तू काढताना जुन्या हाताचा विचार करणारा एक मनुष्य त्या काळी होता, हे नोंदवले पाहिजे.

नंतर स्टेनलेस स्टील आले. त्याने गृहिणीची एक कटकट कायमची मिटवली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. त्याला कल्हई नको, चिंच नको, रोजची घासाघीस नको. हल्ली दोन स्टीलच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर दाबून जी भांडी करतात, त्यांत स्टीलचा उष्णतेचा दोषही बराचसा जातो. तो रचनेचा प्रामाणिक नमुना आहे. उलट, स्टीलच्या तळाला बाहेरून तांब्याचा नुसता मुलामा देऊन 'तांब्याच्या तळाचे' म्हणून जी पातळ भांडी खपवतात, त्या मुलाम्याचा स्वयंपाकाला काडीचाही उपयोग नसतो. तो तळाला लावलेला असतो, पण काम करतो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर.

न चिकटणाऱ्या तव्यांची कथा निराळी. त्यांच्या लेपाचे मूळ द्रव्य १९३८ मध्ये सापडले. तो लेप सुमारे २६० अंशांपलीकडे तापवला तर बिघडू लागतो, आणि त्याच्या निर्मितीत दीर्घकाळ वापरलेले एक रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये जगभर वर्ज्य करावयाच्या द्रव्यांच्या यादीत गेले. लेप निघाला की तवा फेकायचा. तांब्याच्या पातेल्याची कल्हई निघाली तर पुन्हा करता येते. याचा लेप पुन्हा करून देणारा तुमच्या गल्लीत कधी आल्याचे आम्हाला स्मरत नाही.

या सर्वांत आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटतो तो प्रेशर कुकर. त्याचे रबरी कडे झिजते, सुरक्षा-झडप वितळते. निर्मात्याने हे आधीच गृहीत धरले. कडे आणि झडप आज कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतात. ती कधी बदलावीत हे पुस्तिकेत लिहिलेले असते. आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून मानक चिन्हावाचून घरगुती कुकर विकण्यास कायद्याने बंदी आहे. झिजणारा भाग आधी ओळखणे आणि तो बदलण्याची व्यवस्था बाजारात उभी करणे, याला रचना म्हणतात. कल्हई हे तांब्याच्या भांड्याचे रबरी कडे आहे. ते बदलण्याची सोय न करता भांडे विकणे म्हणजे कुकर विकून, कड्याचे तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणणे होय.

आता कायद्याकडे वळू. आमच्या अशिलाला जी नोंदणी हवी होती ती २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्या मोठी मार्मिक आहे. आकार, घडण, नक्षी, अलंकरण, रेषा किंवा रंगांची मांडणी, यांपैकी जे तयार वस्तूत केवळ नजरेने पारखता येते तेवढेच तेथे 'डिझाइन'. बांधणीचे तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक योजना त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. घाट नवा असेल, पूर्वी कोठे प्रसिद्ध झालेला नसेल, तर दहा वर्षे आणि मागितल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. कायद्यात यात काही चूक नाही. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीचेच तो रक्षण करू पाहतो. परंतु आमच्या नव्या कारखानदारांनी ही व्याख्या केवळ नोंदणीपुरती न घेता मनानेच स्वीकारली, ही खरी चूक आहे.

कारण त्याच देशात दुसराही एक कायदा आहे, आणि तो डोळ्यापाशी थांबत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादकाचे दायित्व सांगितले आहे. कलम ८४ प्रमाणे वस्तूच्या निर्मितीत दोष असेल, तिच्या रचनेत दोष असेल, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि चुकीच्या वापराविषयी इशारा तिच्यासोबत नसेल, आणि त्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी उत्पादकावर येते. पहिल्या कायद्यातील रचना डोळ्याची आहे. दुसऱ्यातील रचना हाताची आणि पोटाची आहे. आमचा अशील पहिलीचे प्रमाणपत्र मागायला आला होता. दुसरीचा विचार त्याच्या स्वप्नातही नव्हता.

चतुर वकील येथे लगेच कलम ८७ उघडील. जो धोका उघड आहे, सर्वांना माहीत आहे किंवा असायला हवा, त्याविषयी इशारा दिला नाही म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही, असे ते कलम सांगते. मग युक्तिवाद तयारच : तांब्यापितळेला कल्हई लागते हे भारतातील कोणाला ठाऊक नाही?

हा युक्तिवाद १९५५ साली कदाचित टिकला असता. तेव्हा दर घरी एक उघडे पितळ ओळखणारी बाई होती. आज ज्या मुलीने जन्मापासून स्टील पाहिले, जिच्या कानावर 'कळकणे' हा शब्द कधी पडला नाही, तिच्यापुढे हे ज्ञान 'सर्वांना माहीत' म्हणून कसे मांडता येईल? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो कारखानदार आपल्या पत्रकात तांबे अमृतासारखे आहे, ते कशातही वापरा, असे सुचवतो, त्याने ते जुने ज्ञान स्वतःच्या हाताने पुसले आहे. स्वतः दिवा मालवायचा आणि मग न्यायालयात उभे राहून सांगायचे की खड्डा तर सर्वांना दिसत होता, हा बचाव आम्हाला तरी मान्य होण्याजोगा वाटत नाही. आम्ही अशिलाला हेच सांगितले. तो नाराज होऊन गेला. पण काही दिवसांनी पत्रक बदलण्यासाठी परत आला, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

येथपर्यंत वाचून देवस्थानांचे कारभारी वाचक म्हणतील की हा सगळा वाद कारखानदार आणि गृहिणी यांच्यातला. आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

फोंडे महालातील एका देवस्थानात समाराधनेच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. भांडारगृहाच्या मागे भिंतीला टेकवून तांब्याची प्रचंड तपेली ठेवलेली दिसली. एकेका तपेल्यात दीडदोनशे माणसांचे जेवण सहज शिजेल. आत तांबूस डाग, कडेला हिरवट रेघ. चौकशी केली तेव्हा कळले की ती मोडीत काढायची आहेत. भाव ठरला आहे, किलोवर. कारण? कल्हईवाला येत नाही. त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे टोप आले होते, आणि पाहुण्यांच्या पंगतीत मिरवण्यासाठी आमच्या अशिलाच्या मालासारख्याच एका 'परंपरागत' मालिकेची चकचकीत पितळी पातेली. त्यांची कल्हईही तळाशी विरळ झालेली होती, आणि त्यांतच त्या दिवशी खतखते शिजत होते. खतखत्यात सोले पडतात, हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको.

तेथील वृद्ध रांदपी चुलीपाशी बसले होते. आम्ही त्यांना त्या पिवळ्या तळाविषयी विचारले. ते हळूच म्हणाले, "बाब, कल्हय गेल्ल्या आयदनांत आंबट रांदचें न्हय. पूण आमचें कोण आयकता?" त्यांनी सोले अगदी शेवटी, पातेले उतरवून दुसऱ्या भांड्यात काढल्यावर घातली. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही, याचे श्रेय त्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला आहे. तो चुलीपाशी नसेल त्या वर्षी काय?

महाप्रसाद देवाचा, त्याला कायदा कशाला, असे समजण्याचे कारण नाही. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांतच हे सांगितले होते की नीट कल्हई न केलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात केलेले किंवा ठेवलेले अन्न मनुष्याच्या सेवनास अयोग्य मानले जाईल. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही तोच दंडक आला. पुढे २०१८ मध्ये वेष्टनाचे वेगळे विनियम झाले; तांब्याचा स्वभाव मात्र कोणत्याही राजपत्राने बदललेला नाही. आणि धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणारा हादेखील २०११ च्या परवाना-विनियमांतील लहान अन्न-उत्पादकाच्या व्याख्येत येतो. म्हणजे देवापुढे ठेवल्याने अन्नाला पावित्र्य येते, पण ते कायद्याच्या आणि पोटाच्या बाहेर जात नाही.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने चालत आला आहे. तिच्या कलमांत आम्ही येथे शिरत नाही. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य कोणत्याही कायद्यात एकच असते : जे हाती आले ते राखावे. ती तपेली कोणा पूर्वजाने नवस फेडण्यासाठी दिली असतील, कोणा विधवेने आपले दागिने मोडून दिली असतील. ती किलोच्या भावाने विकून, त्याच धातूची पातळ नवी भांडी पाचपट किमतीने घेणे, हा कसला व्यवहार? जुन्या तपेल्यातील तांबे जाड आहे, घाट उत्तम आहे, आणि उणीव आहे ती फक्त एका थराची, जो एका सकाळी चढवता येतो.

येथे भाजण्याच्या भांड्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण नव्या मालिकांचा सर्वाधिक डौल तेथेच असतो. केक आणि पाव यांच्यासाठी आमच्या कारखानदाराने तांब्याची कल्हईदार तबके केली होती. पुष्कळ पाव २२० ते २५० अंशांच्या भट्टीत भाजतात. कथील २३२ अंशांना वितळते. आम्ही अशिलाला हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून दाखवले तेव्हा तो गप्पच झाला. ज्या वस्तूचे मुख्य काम तिच्याच अस्तराला वितळवणारे आहे, तिचा घाट कितीही मनोहर असो, तिला काय म्हणावे?

आणि नवल असे की भाजण्याचे जे आमचे स्वतःचे तंत्र होते, त्याकडे कोणी पाहत नाही. काकडीचे धोंडस कोकणात आणि गोव्यात जाड बुडाच्या भांड्यात, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून होत आले. वरखाली उष्णता, मध्ये सावकाश शिजणारा गोड रवा, ही आमची भट्टीच होती. गॅसच्या चुलीवर निखाऱ्यावाचून तोच परिणाम साधणारे, वर उष्णता धरणारे जड बिडाचे झाकण असलेले भांडे कोणी घडवील तर त्याला आम्ही नवी मालिका म्हणू आणि त्याच्या दारात पहिले गिऱ्हाईक म्हणून उभे राहू. परदेशी तबकाला मठाराचे ठोके मारून ते स्वदेशी होत नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की कल्हईवालेच उरले नाहीत. मग कारखानदार काय करील? हा आक्षेप कार्यकारण उलटे लावतो. घरोघर स्टील आले आणि कल्हईवाल्याचे गिऱ्हाईक गेले, म्हणून तो गेला. आज जर तांब्यापितळेची भांडी पुन्हा खपू लागली असतील, तर त्याला परत आणण्याइतका पैसाही त्याच व्यापारात आहे. तो कारागिराच्या हाती पोहोचत नाही, एवढेच. पंजाबमधील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या तांब्यापितळेच्या कामाला युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाला नव्या अभिकल्पकांनी हात दिला आणि तेथे नवे दिवे, नवी पात्रे होऊ लागली. आमच्या डिचोलीच्या समया अजूनही देवळादेवळांतून तेवतात. हे सर्व अभिमानास्पद आहे. पण सन्मान घडवणाऱ्याच्या वाट्याला येतो. राखणाऱ्याचा विचार कोणी करीत नाही. कल्हईवाल्याला ना यादी, ना पदक, ना पत्रकात नाव.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कल्हईचे काम आरोग्याला घातक, नवसागराचा धूर छातीत जातो. शिवाय स्वस्त कथलात शिसे मिसळलेले असते, मग तीच कल्हई विष होते. हे खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही हे काम रस्त्यावरच्या एकट्या माणसाच्या नशिबावर सोडू नये असे म्हणतो. शुद्ध कथील विकत घेणे, ते तपासून घेणे, धूर ओढून नेणारी भट्टी बांधणे, या गोष्टी गरीब फिरत्या कारागिराला परवडत नाहीत. कारखान्याला सहज परवडतात. दोषाकडे बोट दाखवून जो काम टाळतो त्याच्यापेक्षा दोष काढून जो काम उभे करतो तो आम्हाला अधिक शहाणा वाटतो.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. जो कोणी तांब्यापितळेची स्वयंपाकाची भांडी काढील त्याने प्रत्येक भांड्यासोबत ग्राहकाच्या भाषेत, मराठीत आणि कोंकणीत, स्पष्ट लिहावे : आत कथील आहे, ते झिजते, पिवळा किंवा तांबूस तळ दिसला की यात शिजवू नका, रिकामे भांडे विस्तवावर ठेवू नका. कल्हई पुन्हा कोठे आणि किती पैशांत करून मिळेल, हेही त्याने तेथेच सांगावे, आणि भांडे परत घेऊन कल्हई करून देण्याचे बंधन स्वतःवर घ्यावे. ज्याला हे जमत नाही त्याने खुशाल फुलदाण्या कराव्यात. त्यांत कोणी आमटी करीत नाही.

देवस्थानांच्या समित्यांना आमची विनंती याहून सोपी आहे. मोडीचा लिलाव थांबवा. जत्रेपूर्वी महिनाभर एखाद्या कल्हई करणाऱ्यास सन्मानाने बोलवा, त्याला अग्रशाळेच्या अंगणात मोकळ्या वाऱ्याची जागा द्या, शुद्ध कथील देवस्थानाच्या पैशाने आणून द्या, आणि आजूबाजूच्या घरांनाही आपली भांडी त्याच वेळी आणू द्या. चारपाच देवस्थाने मिळून हे करतील तर एका कुटुंबाचे वर्ष निघेल आणि त्याचा मुलगा ही विद्या शिकेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या मराठी मंडळींच्या माळ्यांवरही आजीच्या काळची पातेली उलटी पडलेली असतील. त्यांच्या मंदिरांनीही हा प्रयोग करून पाहावा. नवी भांडी घ्यायचीच असतील तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : वर्षाने कल्हई कोण करून देणार? उत्तर मिळाले नाही तर पैसे पिशवीतच ठेवा.

आमचे स्वतःचे पाऊल लहान आहे. त्या देवस्थानातील तपेल्यांचा सौदा तूर्त थांबवावा, अशी विनंती आम्ही समितीला लेखी केली आहे, आणि त्यांतील दोन तपेल्यांच्या कल्हईचा खर्च उचलण्याचे कबूल केले आहे. समितीचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. पण त्या वृद्ध रांदप्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी काही न बोलता भिंतीशी टेकलेले एक तपेले सरळ केले, धोतराच्या सोग्याने त्याची कड पुसली, आणि कोणा कल्हईवाल्याच्या मुलाला ते ओळखतात, तो आता दुसरेच काम करतो, त्याच्याकडे उद्या जाऊन येईन, असे म्हणाले.